‘ज्युनिअर पाहिजे’ हे लिहून लावा

वकिलाच्या ऑफिसात जागा रिकामी झाली की बातमी आधी कारकुनाला कळते, मग कोर्टाच्या आवारातल्या टायपिस्टला, मग बार रूममध्ये चहाला बसलेल्या चौघांना. त्या चौघांपैकी कुणाचा तरी भाचा नुकताच एलएलबी झालेला असतोच. पुढच्या सोमवारी तो नवाकोरा बँड लावून, फायली छातीशी धरून साहेबांच्या मागे उभा राहतो. जागा भरली. त्याच गावात, त्याच वर्षी पास झालेली आणि भाच्यापेक्षा चांगला दावा लिहिणारी एखादी मुलगी ‘कुणाकडे जागा आहे का’ विचारत महिनाभर फिरत असते. तिच्या घरात वकील नाही, आवारात ओळखीचं कुणी नाही. ही जागा रिकामी होती हेसुद्धा तिला कळत नाही.

यात कुणी लबाडी केलेली नसते. साहेबांना माणूस हवा होता, समोर आलेला माणूस त्यांनी घेतला. पण घराण्यातून वकिली आलेली मुलं जूनमध्येच ऑफिसला लागतात आणि पहिल्या पिढीची मुलं दिवाळीपर्यंत बार रूमच्या बाकावर बसून असतात. त्यातली काही कंटाळून एखाद्या पतसंस्थेत वसुलीला लागतात. पुढे तेच साहेब तक्रार करतात की हल्ली चांगले ज्युनिअर मिळत नाहीत. साहेब, तुम्ही शोधले कुठे?

तेव्हा हे लिहिणं दोघांसाठी आहे. एक, ज्यांच्या सनदेला दहा-पंधरा वर्षं झाली आणि ज्यांना हाताखाली माणूस हवा आहे ते. दुसरे, ज्यांना सनद मिळाली पण बसायला जागा मिळालेली नाही ते. आधी सिनिअरांशी बोलतो, कारण किल्ली त्यांच्या हातात आहे.

पहिली अडचण बहुतेक जण सांगतात ती नियमाची. ‘वकिलानं जाहिरात करायची नसते हो.’ खरं आहे, पण अर्धं. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमावलीतला ३६ वा नियम वकिलाला काम मागायला मनाई करतो. परिपत्रक काढून, दलाल नेमून, वर्तमानपत्रात स्वतःविषयी छापून आणून पक्षकार ओढायचे नाहीत. दारावरची पाटीसुद्धा माफक आकाराची असावी आणि तिच्यावर आपण अमुक संघटनेचे अध्यक्ष आहोत किंवा तमुक प्रकारच्या खटल्यांचे तज्ज्ञ आहोत असं लिहू नये, असं तो नियम सांगतो. २००८ साली त्यात एवढी सवलत आली की नाव, पत्ता, सनद क्रमांक, शिक्षण आणि कामाचं क्षेत्र इतका तपशील संकेतस्थळावर देता येतो. या सगळ्याचा रोख पक्षकाराकडे आहे. हाताखाली काम करायला वकील हवा आहे, ही सूचना पक्षकाराला उद्देशून नसते. मुंबईतल्या मोठ्या लॉ फर्म वर्षानुवर्षं उघडपणे जागा जाहीर करत आल्या आहेत.

मात्र मोह आवरावा लागतो. जागेच्या सूचनेत ‘तीस वर्षांची यशस्वी परंपरा असलेले जिल्ह्यातील अग्रगण्य कार्यालय’ असं लिहिलंत, वर स्वतःचा फोटो लावलात आणि तो कागद शहरातल्या सगळ्या व्हॉट्सअॅप गटांवर फिरवलात, तर ती जागेची सूचना राहिली नाही. आडून केलेली जाहिरातही त्या नियमात बसते, आणि बार कौन्सिलकडे तक्रार गेलीच तर ‘मी ज्युनिअर शोधत होतो’ हा बचाव फार टिकणार नाही. विशेषणं गाळा. काम काय, वेळ काय, पैसे किती, एवढंच लिहा.

एक नमुना देतो. तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या कोर्टात दिवाणी काम करणाऱ्या मध्यम ऑफिसासाठी असा मजकूर चालेल:

“ज्युनिअर वकील पाहिजे. कामाचं स्वरूप: दिवाणी दावे, महसूल अपिलं, मोटार अपघात दावे. नवीन सनदधारकांनीही अर्ज करावा. मराठीत मसुदा लिहिता यावा. युनिकोड टायपिंग येत नसल्यास तीन महिन्यांत शिकावं लागेल. वेळ सकाळी १० ते संध्याकाळी ७, रविवारी सुट्टी. दरमहा १५,००० रुपये, ५ तारखेला. सहा महिन्यांनी वाढीचा विचार. बाहेरगावच्या कोर्टाचा प्रवासखर्च ऑफिसकडून. स्वतःची कामं घेण्यास हरकत नाही. अर्जासोबत स्वतः लिहिलेला एक मसुदा जोडावा. मुदत १५ तारीख. निवड झाली वा न झाली, २५ तारखेपर्यंत कळवू.”

आता यातली प्रत्येक ओळ का आहे ते पाहा. कामाचं स्वरूप लिहिलं नाही तर फौजदारीची हौस असलेला मुलगा येतो आणि चौथ्या महिन्यात कूळकायद्याला कंटाळून जातो. तुमचे चार महिने वाया, त्याचेही. मराठी मसुद्याची ओळ तर घालाच. १९९८ पासून महाराष्ट्रातल्या जिल्हा आणि त्याखालच्या न्यायालयांची भाषा मराठी आहे, उच्च न्यायालयाची इंग्रजी. राष्ट्रीय विधी विद्यापीठातून इंग्रजीत पाच वर्षं शिकून आलेली हुशार मुलं फेरफार नोंदीपुढे अडखळतात, आणि गावच्या कॉलेजातली मुलं कैफियत झोकात लिहितात पण उच्च न्यायालयातली रिट याचिका पाहून दबकतात. दोघांनाही शिकवता येतं, पण तुम्हाला आज काय हवंय ते त्यांना आधी कळू द्या.

वेळेची ओळ मुलींसाठी सगळ्यात महत्त्वाची असते, आणि नेमकी तीच कुणी लिहीत नाही. बऱ्याच सिनिअरांचं ऑफिस घरातच असतं. कोर्ट सुटल्यावर सहा वाजता ते उघडतं आणि रात्री साडेनऊपर्यंत चालतं. शेवटची एसटी आठची असलेल्या गावातून येणारी मुलगी ही नोकरी नाकारते, आणि मग ‘मुली टिकत नाहीत’ असं आपण म्हणतो. वेळ लिहा, आणि ती बदलता येत असेल तर तेही लिहा. कोर्टाच्या दिवसाचा मसुदा दुसऱ्या दिवशी सकाळी आठला लिहिला म्हणून आकाश कोसळत नाही. ‘फक्त पुरुष उमेदवार’, ‘अविवाहित असल्यास प्राधान्य’ असले शब्द तर वकिलाच्या सहीखाली शोभतच नाहीत. 

आणि पैसे. इथे आपला सगळा पेशा घसा खाकरतो. ‘आम्ही आमच्या साहेबांकडे तीन वर्षं फुकट काम केलं’ हे वाक्य ऐकलेलं नाही असा ज्युनिअर मला भेटलेला नाही. असेल केलं. तेव्हा कदाचित घरची शेती होती, वडिलांचा पगार होता, गावातच राहायचं घर होतं. ज्याच्याकडे यातलं काहीच नाही त्यानं वकिली करू नये, असा त्या वाक्याचा अर्थ होतो, आणि तो अर्थ आपल्याला मान्य आहे का हे एकदा स्वतःला विचारावं. १५ ऑक्टोबर २०२४ रोजी बार कौन्सिल ऑफ इंडियानं परिपत्रक काढून शिफारस केली की ज्युनिअर वकिलाला शहरी भागात दरमहा किमान २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये विद्यावेतन द्यावं, तेही किमान तीन वर्षं. ही शिफारस आहे, सक्ती नाही. तालुक्याच्या गावी प्रत्येकाला ती परवडेल असंही मी म्हणत नाही. परवडत नसेल तर अर्ध्या दिवसासाठी ज्युनिअर घ्या. दोन ऑफिसांनी मिळून एक घ्या, सकाळचा बोर्ड एकाचा आणि दुपारनंतरचं ड्राफ्टिंग दुसऱ्याचं. आठ हजार देऊ शकत असाल तर आठ हजार लिहा, आणि त्या आठ हजारांत माणूस सकाळी नऊपासून राबवू नका. पण शून्य लिहायची लाज वाटते म्हणून आकडाच लिहायचा नाही, ही पळवाट सोडा. आकडा नसलेल्या सूचनेवर ज्यांना पैशाची गरज नाही तेच अर्ज करतात.

पैशाबरोबर मुदत आणि काम आधी ठरवून घेण्याची गोष्ट नवी नाही. १८९३ साली पोरबंदरच्या एका मेमण पेढीनं राजकोटच्या एका कुटुंबाला पत्र पाठवलं. दक्षिण आफ्रिकेत मोठा दावा चालू आहे, तुमच्या धाकट्या भावाला पाठवता का? तो धाकटा भाऊ म्हणजे मोहनदास गांधी. मुंबईत वकिली जमली नव्हती, राजकोटला अर्ज-विनंत्या लिहून पोट चालत होतं. ही जागा त्यांनाही ओळखीतूनच आली, भावाच्या नावानं. पण जाण्याआधीच अटी स्पष्ट झाल्या होत्या: एका वर्षापेक्षा जास्त काळ लागणार नाही, जाण्या-येण्याचं पहिल्या वर्गाचं भाडं, राहण्याखाण्याचा खर्च आणि १०५ पौंड. गांधींनी स्वतःच पुढे नोंदवलंय की हे बॅरिस्टर म्हणून जाणं नव्हतं, पेढीचा नोकर म्हणून जाणं होतं. तरी कुठे जायचं, किती दिवस, किती पैशांत, हे त्यांना बोटीवर चढण्याआधी ठाऊक होतं. सव्वाशे वर्षांनंतर आपल्याकडे रुजू झालेल्या ज्युनिअरला पहिली तारीख उलटून गेली तरी आपल्याला काय मिळणार हे ठाऊक नसतं.

सूचना लावायची कुठे? बार असोसिएशनचा फळा ही पहिली जागा. पण तेवढ्यावर थांबलात तर पुन्हा आवारातल्यांनाच कळणार. जवळच्या विधी महाविद्यालयाच्या प्राचार्यांना एक प्रत पाठवा. बहुतेक कॉलेजांत नेमणुकीचा विभाग नावापुरता असतो, म्हणून शेवटच्या वर्षाच्या वर्गात वाचून दाखवायची विनंती करा. शेजारच्या तालुक्याच्या बार असोसिएशनला एक प्रत द्या. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या ऑफिसात नवे वकील येत-जात असतात, तिथे विचारून लावता आली तर लावा. कायद्याच्या नोकऱ्यांची संकेतस्थळं आणि लिंक्डइन यांचा उपयोग मुंबई-पुण्याला जास्त. तालुक्याला अजून कागदच चालतो, आणि त्या कागदाचा काढलेला फोटो.

निवड करताना ‘तुम्ही कुठले?’, ‘कुणाचे?’ हे दोन प्रश्न आपल्या तोंडातून सवयीनं निघतात. त्यामागे बहुतेक वेळा आडनाव चाचपणं असतं, हे विचारणाऱ्यालाही ठाऊक असतं आणि ऐकणाऱ्यालाही. त्याऐवजी एक सातबारा आणि एक खरेदीखत समोर ठेवा आणि अर्ध्या तासात यातल्या तीन अडचणी लिहून काढायला सांगा. ते अर्धं पान वाचून जे कळतं ते तासभर गप्पा मारून कळत नाही. आणि ज्यांना घेणार नाही त्यांना तसं कळवा. दोन ओळींचा नकार मिळाला की माणूस पुढच्या दारात जायला मोकळा होतो.

आता जागा शोधणाऱ्यांशी बोलू.

तुमच्यापैकी अनेकांची समजूत आहे की वकिलाच्या जागा जाहीर होतच नाहीत. ऑफिसातल्या होत नाहीत, पण सरकारी आणि निमसरकारी होतात, आणि त्या तुम्ही वाचत नाही. जिल्हा न्यायालयाच्या संकेतस्थळावर आणि आवारातल्या फलकावर भरतीच्या सूचना लागतात. तिथे दर आठवड्याला एक फेरी मारायची सवय लावा. नव्या वकिलासाठी त्यातली सगळ्यात कामाची म्हणजे लीगल एड डिफेन्स कौन्सिल योजना. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या २०२२ च्या या योजनेत गरीब आरोपींचा बचाव करायला पूर्ण वेळ वकील नेमतात. मुख्य वकिलाला किमान दहा वर्षांचा फौजदारी अनुभव लागतो, उपमुख्य वकिलाला सात. सहायकाच्या जागेला मात्र शून्य ते तीन वर्षं अनुभवाचे वकील अर्ज करू शकतात. म्हणजे ही जागा तुमच्यासाठीच ठेवलेली आहे. नेमणूक कंत्राटी असते आणि त्या काळात खासगी प्रॅक्टिस करता येत नाही. पण रिमांडपासून निकालापर्यंत फौजदारी काम शिकण्याची, तेही दरमहा मानधन घेऊन, याहून चांगली सोय जिल्ह्याच्या गावी मला तरी दिसत नाही.

उच्च न्यायालय आणि सर्वोच्च न्यायालय न्यायमूर्तींच्या मदतीला लॉ क्लार्क घेतात, त्यांच्या सूचना त्या त्या संकेतस्थळावर येतात. सरकारी बँकांमधले कायदा अधिकारी आयबीपीएसच्या परीक्षेतून निवडले जातात आणि त्यासाठी कायद्याच्या पदवीबरोबर बार कौन्सिलकडे नोंदणी लागते. सहायक सरकारी अभियोक्ता आणि दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर, या जागा महाराष्ट्र लोकसेवा आयोगाकडून भरल्या जातात. पोलीस अधीक्षकांची कार्यालयं, महापालिका, सरकारी महामंडळं ‘विधी अधिकारी’ या नावानं बहुधा अकरा महिन्यांच्या कंत्राटावर माणसं घेतात. त्या जाहिराती स्थानिक दैनिकाच्या आतल्या पानावर, निविदा सूचनांच्या गर्दीत बारीक अक्षरात असतात. महापालिका आणि बँका आपलं वकील पॅनेलही वेळोवेळी नव्यानं भरतात. त्यात अनुभवाची अट असते, म्हणून पहिल्या वर्षी सोडून द्या, पण तारीख टिपून ठेवा.

इथे एक खोच आहे, ती समजून मग अर्ज करा. बार कौन्सिलच्या ४९ व्या नियमानुसार वकिली करणाऱ्याला पूर्ण वेळ पगारी नोकरी करता येत नाही. कंपनीत किंवा बँकेत कायदा अधिकारी म्हणून रुजू झालात तर बार कौन्सिलला कळवून सनद स्थगित करावी लागते. नोकरी सोडलीत की पुन्हा सुरू करता येते. पण मधली वर्षं प्रॅक्टिसमध्ये धरली जात नाहीत, आणि या हिशेबाला आता फार महत्त्व आलं आहे. सर्वोच्च न्यायालयानं २० मे २०२५ रोजी निकाल दिला की दिवाणी न्यायाधीशाच्या पहिल्या पायरीवरच्या परीक्षेसाठी किमान तीन वर्षांची वकिली हवी. ही तीन वर्षं तात्पुरत्या नोंदणीच्या तारखेपासून मोजली जातात आणि लॉ क्लार्क म्हणून केलेलं कामही धरलं जातं. दाखला लागतो तो त्या न्यायालयाच्या प्रमुख न्यायिक अधिकाऱ्याचा, किंवा किमान दहा वर्षं प्रॅक्टिस असलेल्या वकिलाचा, ज्यावर प्रमुख न्यायिक अधिकाऱ्यानं शेरा मारलेला असेल. न्यायाधीश व्हायचं ज्यांच्या मनात आहे त्यांनी म्हणूनच पहिल्या दिवसापासून दोन गोष्टी कराव्यात. वकीलपत्रावर साहेबांच्या नावाखाली आपलं नाव घालायची विनंती करावी, आणि कुठल्या खटल्यात कुठल्या तारखेला आपण उभे राहिलो याची डायरी ठेवावी. ऑफिस निवडताना ‘माझं नाव वकीलपत्रात येईल का?’ हा प्रश्न पैशाच्या प्रश्नाइतकाच मोकळेपणानं विचारा. ‘बघू पुढे’ असं उत्तर आलं तर ते नाही असंच समजा.

सूचना न लावलेल्या ऑफिसात कसं शिरायचं? थेट जाऊन, पण माहिती काढून. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर वकिलाच्या नावानं खटले शोधता येतात. तुमच्या कोर्टातल्या ज्या वकिलांकडे काम करावंसं वाटतं त्यांची नावं घालून बघा: किती खटले चालू आहेत, कुठल्या प्रकारचे, साक्षीपुराव्यापर्यंत किती पोहोचले आहेत. ज्याच्याकडे ढीगभर काम आहे आणि मागे ज्युनिअर एकच दिसतो, त्याला माणूस हवा आहे. मग आठवडाभर त्या कोर्टात मागच्या बाकावर बसा. साहेब उलटतपास कसा घेतात, न्यायाधीशांशी कसं बोलतात, आणि हरल्यावर पॅसेजमध्ये आपल्या ज्युनिअरशी कसं बोलतात तेही पाहा. शेवटची गोष्ट सगळ्यात जास्त सांगून जाते.

भेटायला जाल तेव्हा बायोडाटा एका पानाचा असू द्या. सनद क्रमांक आणि तारीख, अखिल भारतीय बार परीक्षेचा निकाल, टायपिंग कुठल्या भाषेत येतं, दुचाकी आहे की नाही, राहता कुठे. शाळेतल्या वक्तृत्व स्पर्धेची बक्षिसं काढून टाका. त्याबरोबर स्वतः लिहिलेले दोन मसुदे न्या. कलम १३८ खाली धनादेश न वटल्याची नोटीस आणि एखादी साधी कैफियत पुरेशी आहे, नावं बदलून. ‘सर, काहीही काम करीन’ असं म्हणू नका. ‘सर, तुमच्याकडे मोटार अपघाताचे दावे बरेच आहेत, त्यातलं कागद जमवण्याचं काम मी दोन आठवडे करून दाखवतो’ असं म्हटलंत तर साहेब मान वर करतील. दोन आठवडे म्हटलंत तर दोनच आठवडे; त्यानंतर बसून पैशांचं बोला. संकोच वाटेल. वाटू द्या, पण बोला. पुढे आयुष्यभर पक्षकाराकडे स्वतःची फी मागायचीच आहे.

काही गोष्टी मात्र साफ नाकारा. नोकरी लावून देतो म्हणून नोंदणी फी मागणाऱ्याला एक रुपया देऊ नका, मग त्याचं संकेतस्थळ कितीही चकचकीत असो. पदवीचं मूळ प्रमाणपत्र किंवा मूळ सनद कुणाकडेही ठेवू नका. दाखवायची, छायाप्रत द्यायची, परत घ्यायची. दोन वर्षं सोडून जाणार नाही असं लिहून घेणाऱ्या ऑफिसात त्या अटीच्या बदल्यात तुम्हाला काय मिळतंय ते त्याच कागदावर लिहून मागा.

सनद काढणं आता पूर्वीइतकं महाग राहिलेलं नाही. सर्वोच्च न्यायालयानं ३० जुलै २०२४ च्या निकालात सांगितलं की अॅडव्होकेट्स अॅक्टमध्ये आहे तेवढीच नोंदणी फी घ्यायची, सर्वसाधारण उमेदवाराला ७५० रुपये आणि अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला १२५. त्याआधी राज्याराज्यांत हजारो रुपये मोजावे लागत. सनद स्वस्त झाली, पण कोर्टाच्या गावातली खोली, खानावळ आणि कोट यांचे भाव कुठल्या निकालानं उतरलेले नाहीत. म्हणून पहिल्या सहा महिन्यांच्या खर्चाचा हिशेब घरच्यांसमोर आधीच मांडा, आणि त्यात उधारीवर काय निघेल तेही प्रामाणिकपणे लिहा. डॉ. आंबेडकरांनीसुद्धा १९२३ नंतर मुंबईत वकिली करताना जोडीला एका खासगी संस्थेत व्यापारी कायदा शिकवला होता. सकाळी कॉलेजात तास घेणं, संध्याकाळी स्पर्धा परीक्षेच्या वर्गावर शिकवणं यात काही कमीपणा नाही. फक्त कोर्टाची वेळ मोडू देऊ नका, आणि बार कौन्सिलच्या नियमात ते बसतं का ते आधी पाहा.

कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग इथल्यांसाठी एक वेगळी गोष्ट. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झालं. या सहा जिल्ह्यांतली प्रकरणं आता तिथे चालतात, म्हणून तिथे फायलिंग करणारे, बोर्डावर लक्ष ठेवणारे, इंग्रजीत याचिका लिहिणारे आणि मराठी कागदपत्रांचं भाषांतर करणारे वकील लागणार. अनेक जिल्ह्यांतल्या सिनिअरांना कोल्हापुरात स्वतःचा माणूस ठेवावा लागेल. हे काम नवं आहे, त्याच्याभोवती जुन्या ओळखींचं जाळं अजून घट्ट झालेलं नाही. म्हणून या सहा जिल्ह्यांच्या बार असोसिएशनांना माझी खास विनंती आहे: एक सामाईक यादी करा. कुणाला ज्युनिअर हवा, कुठल्या कामासाठी, किती पैशांत, हे त्या यादीत लिहा, आणि ती प्रत्येक बार रूममध्ये आणि सहाही जिल्ह्यांतल्या विधी महाविद्यालयांत महिन्याला एकदा पोहोचेल असं पाहा. यासाठी ना ठराव लागतो ना निधी. एक सचिव आणि एक झेरॉक्स पुरे.

बाकीच्या जिल्ह्यांनीही त्यांची वाट पाहू नये. उन्हाळी सुट्टी संपून जूनमध्ये कोर्टं उघडतात, त्याच सुमारास कॉलेजांचे निकाल लागतात आणि नवी मुलं सनदेसाठी अर्ज करतात. ज्यांना माणूस हवा आहे त्या प्रत्येक वकिलानं त्या आठवड्यात आपला कागद फळ्यावर लावावा, आणि त्यावर पैशांचा आकडा लिहावा.